नकाराची लिपी : लांदाच्या ग्रंथातील दोन नकार आणि साक्षीचा प्रश्न

१२ जुलै १५६२ या दिवशी युकातान द्वीपकल्पातील मानी या गावी, फ्रान्सिस्कन मठाच्या पटांगणात, दिएगो दे लांदा या धर्मगुरूच्या आज्ञेवरून माया लोकांच्या मूर्ती आणि त्यांचे चित्रलिखित ग्रंथ जाळण्यात आले. त्यानंतर चार वर्षांनी, १५६६ च्या सुमारास, याच लांदाने स्पेनमध्ये बसून युकातानातील लोक, त्यांचे सणवार, त्यांची कालगणना, त्यांचे मधमाशा पाळणे आणि त्यांची लिपी यांविषयी एक ग्रंथ सिद्ध केला. विजयपूर्व माया जीवनाविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातील मोठा भाग या ग्रंथावाचून उभा राहत नाही. जाळणारा आणि जपणारा हात एकच, ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिची धार आता बोथट झाली आहे. इतिहासाची पुस्तके तिला ‘विडंबना’ म्हणतात आणि पुढे जातात.

मला या शब्दाविषयीच शंका आहे. विडंबना हे वाङ्मयीन कोटीचे नाव आहे, नैतिक कोटीचे नाही. एखादी घटना विडंबनात्मक म्हटली की ती आपल्यापुरती सुडौल होते. तिला एक नायक मिळतो, त्याच्या ठिकाणी आंतरिक विसंगती मिळते, आणि वाचकाला त्या विसंगतीकडे थोड्या अंतरावरून पाहण्याचे समाधान मिळते. या आकृतिबंधात ज्यांचे ग्रंथ जळाले ते पार्श्वभूमीला जातात आणि जाळणाऱ्याचे अंतरंग मध्यभागी येते. युरोपीय आक्रमणाविषयी लिहिणाऱ्या पुष्कळ सहृदय लेखकांकडूनही हे झाले आहे. म्हणून लांदाचे मन कसे होते हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून, त्याच्या ग्रंथात नोंदवल्या गेलेल्या दोन नकारांकडे पाहावे असे मला वाटते. पहिला एका लेखनिकाचा आहे, दुसरा एका स्त्रीचा. दोघांचीही नावे ग्रंथात नाहीत.

लेखनिकाचा नकार समजून घ्यायचा तर आधी लांदाची प्रसिद्ध ‘वर्णमाला’ कशी तयार झाली ते पाहावे लागते. लांदाची समजूत अशी होती की जगातील प्रत्येक लिपी ही मुळात स्पॅनिशसारखीच असणार, म्हणजे एका सुट्या ध्वनीला एक अक्षर. त्याने माया लिपी जाणणाऱ्या एका माणसाला समोर बसवले आणि स्पॅनिश अक्षरांची नावे उच्चारत त्यांची माया चिन्हे लिहून मागितली. माया लिपी मात्र शब्दचिन्हे आणि अवयवचिन्हे यांच्या संयोगाने चालते, आणि तिच्यातील ध्वनिदर्शक चिन्ह हे व्यंजन अधिक स्वर अशा पूर्ण उच्चाराचे असते. स्पॅनिशमध्ये ‘ब’ या वर्णाचे नाव ‘बे’. लांदाने ‘बे’ म्हटले, लेखनिकाने ‘बे’ या उच्चाराचे चिन्ह काढले. पुढे लांदाने फास या अर्थाचा ‘ले’ हा शब्द वर्णांची नावे घेत लिहायला सांगितला. लेखनिकाने ऐकू आले ते प्रत्येक नाव इमानाने लिहिले आणि शेवटी पूर्ण ‘ले’ही लिहिला. कागदावर जे उमटले ते लांदाला घोटाळ्याचे वाटले, आणि या लोकांची लिहिण्याची रीत बोजड आहे असा निष्कर्ष त्याने काढला.

बाराखडीवर वाढलेल्या मराठी वाचकाला या प्रसंगात लेखनिकाची बाजू समजावून सांगावी लागत नाही. आपल्याला कोणी ‘एल’ लिहा म्हटले तर आपण ‘एल’च लिहू. इंग्रजी ‘एल’च्या मागे एक पाय मोडलेला ‘ल्’ लपलेला आहे, हे ज्याने ती वर्णमाला गिरवलेली नाही त्याला कळण्याचे कारण नाही. घोटाळा उत्तरात नव्हता, प्रश्नात होता. परंतु प्रश्न विचारणारा सत्ताधारी असला की प्रश्नातली चूक उत्तर देणाऱ्याच्या अडाणीपणाच्या खात्यावर जमा होते. वसाहतींतील ज्ञानव्यवहाराचे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही.

ही चूक सुमारे तीनशे शहाऐंशी वर्षे तशीच बंद राहिली. लांदाची मूळ प्रत हरवली. तिची एक संक्षिप्त नक्कल फ्रेंच धर्मोपदेशक ब्रास्यूर द बुरबूर याला माद्रिदच्या इतिहास अकादमीत सापडली आणि १८६४ मध्ये त्याने ती छापली. त्या वर्णमालेच्या आधारे माया लेख वाचू पाहणारे सगळे फसले, आणि वर्णमाला निरुपयोगी आहे असे मोठमोठे अभ्यासक मानू लागले. १९५२ मध्ये लेनिनग्राडमध्ये काम करणाऱ्या यूरी क्नोरोझोव याने साधीच गोष्ट सुचवली : ही वर्णमाला नव्हेच, हा अवयवचिन्हांचा त्रुटित तक्ता आहे, लेखनिकाने लिहिले ते बरोबर आहे. एरिक थॉमसन या त्या काळच्या सर्वांत मान्यवर माया-पंडिताने १९७५ मध्ये मृत्यू येईपर्यंत हे मान्य केले नाही. पण त्यानंतर लिपी जी उलगडली ती याच वाटेने. लेखनिकावर विश्वास ठेवायला अभ्यासकांना इतका काळ लागला.

आता तो नकार. सुटी अक्षरे झाल्यावर एक सबंध वाक्य नमुन्यादाखल लिहिले गेले. लांदाने त्याचा उच्चार आणि स्पॅनिश अर्थ दोन्ही नोंदवले आहेत. ते वाक्य ‘मा’, ‘इ’, ‘न’, ‘का’, ‘ती’ अशा पाच चिन्हांत लिहिलेले आहे आणि त्याचा अर्थ आहे : माझी इच्छा नाही. मराठीत इतक्याच मोकळेपणाने म्हणायचे तर, मला नको.

ज्या चौकशीचा शेवट मानीच्या पटांगणात झाला तिचे आकडे इतिहासकारांनी तपासले आहेत. तीन महिन्यांच्या आसपास चाललेल्या त्या चौकशीत साडेचार हजारांहून अधिक माया स्त्रीपुरुषांचा छळ झाला आणि त्यातील १५८ माणसे छळामुळे मरण पावली. कैद्यांना मनगटांना दोर बांधून टांगले जाई, पायांना दगड बांधले जात, आणि मूर्ती कोठे लपवल्या आहेत ते विचारले जाई. या पार्श्वभूमीवर, त्याच चौकशीच्या सूत्रधाराच्या पुस्तकात, त्याच्या आज्ञेवरून लिहिणारा माणूस नमुन्याचे वाक्य म्हणून ‘मला नको’ लिहितो. समीक्षकाच्या अंगावर काटा यावा असा हा क्षण आहे. आणि म्हणूनच येथे थांबून स्वतःची झडती घेणे आवश्यक आहे.

कारण हा नकार प्रतिकार आहे, हे आपल्याला ठाऊक नाही. ते वाक्य लेखनिकाने निवडले की लांदाने सांगितले, ग्रंथ सांगत नाही. व्याकरणाच्या कोणत्याही प्रारंभिक पुस्तकात ‘मला हवे’, ‘मला नको’ अशी वाक्ये असतातच. शिवाय आपल्यासमोर आहे ती नक्कल; चिन्हे नक्कलकाराने पुन्हा काढलेली आहेत. मॅथ्यू रेस्टॉल आणि जॉन चुचियाक यांनी तर २००२ मध्ये असे दाखवले की ज्याला आपण लांदाचा एकसंध ग्रंथ समजतो ते निरनिराळ्या लेखनांचे, निरनिराळ्या हातांनी एकत्र बांधलेले बाड आहे. म्हणजे ‘लेखक’ म्हणून लांदाही आपल्या हातून काहीसा निसटतो. इतक्या सगळ्या आवरणांतून आलेल्या पाच चिन्हांवर आपण बंडाचा झेंडा रोवायचा काय?

गेल्या काही दशकांच्या समीक्षेने संहितेच्या फटींत दडलेले आवाज ऐकायला शिकवले, हे तिचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु त्या शिकवणीचे एक व्यसनही लागले आहे. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्या मौनात प्रतिकार सापडला की वाचकाला हायसे वाटते. सर्वस्व गेलेच नव्हते, काही तरी उरले होते, आणि ते आपण शोधून काढले, असे ते समाधान असते. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८८ च्या निबंधात अंकितांना बोलता येते काय असा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांचा रोख नेमका या समाधानावर होता. अंकितांच्या वतीने ऐकणारा स्वतःला पारदर्शक समजू लागतो, हा तो धोका. मानीच्या लेखनिकाला वीर करणे हा त्याच्या जिवावर केलेला आपलाच सन्मान ठरू शकतो.

मात्र याच्या उलट टोकाला जाऊन, हे निव्वळ व्याकरणाचे उदाहरण आहे, त्यात काही वाचू नये, असे म्हणणे निरागस आहे असेही मला वाटत नाही. थॉमसनसारख्या अभ्यासकांनी लेखनिकाचे उत्तर ‘गोंधळ’ ठरवले तेव्हा तेही स्वतःला सावध आणि शास्त्रशुद्धच समजत होते. न ऐकणे हाही निर्णयच असतो. मी एवढेच म्हणेन की हे वाक्य कोणत्याही बाजूने साक्षीला उभे करता येत नाही, आणि त्याचे ते अडून राहणे हेच त्याचे आजचे स्वरूप आहे. आपल्याला त्याचा उच्चार येतो, अर्थ येतो, लिहिण्याची रीतही आता कळली आहे. फक्त बोलणाऱ्याला काय नको होते ते कळत नाही.

दुसऱ्या नकाराची गोष्ट वेगळी आहे. तिथे काय नको होते ते पूर्ण स्पष्ट आहे. लांदाने सांगितल्यानुसार एका स्पॅनिश कप्तानाने युद्धात एक तरुण, रूपवान माया स्त्री पकडली. तिच्या नवऱ्याने, आपण युद्धात मारले जाऊ या भीतीने, तिच्याकडून वचन घेतले होते की ती दुसऱ्या कोणाही पुरुषाची होणार नाही. कप्तानाच्या माणसांनी परोपरीने सांगूनही ती बधली नाही. त्यांनी तिला कुत्र्यांपुढे टाकले.

त्झ्वेतान तोदोरोव याने १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेले अमेरिकेच्या विजयाविषयीचे आपले पुस्तक याच स्त्रीच्या स्मृतीला अर्पण केले. आपल्याकडील चर्चांत ‘अन्य’ ही संकल्पना रुळवण्यात ज्या पुस्तकांचा वाटा आहे त्यांत हे एक. अर्पणपत्रिकेतील या स्त्रीमुळे ते कोणालाही विसरता येत नाही. परंतु अर्पणपत्रिका वाचताना एक गोष्ट सहसा नजरेआड होते : ही स्त्री आपल्याला लांदामुळे माहीत आहे. मानीचा अग्नी पेटवणाऱ्यानेच तिचा मृत्यू नोंदवला, आणि तो निषेधाच्या स्वरात नोंदवला. स्पॅनिश सैनिकांच्या क्रौर्याविषयी लांदा गप्प बसत नाही.

तिचा नकार लांदाला ऐकू आला. लेखनिकाच्या लोकांचा, त्याने टांगलेल्या हजारोंचा नकार त्याला ऐकू आला नाही. असे का झाले असावे? माझ्या मते याचे उत्तर तिच्या कथेच्या रचनेतच आहे. ती नवऱ्याला दिलेल्या शब्दासाठी मरते. पातिव्रत्य हा सद्गुण लांदाच्या कोशात होता. त्या कोशातील शब्दात ती बोलते म्हणून तिचे बोलणे अर्थपूर्ण ठरते. ‘तुझा देव मला नको’ हे वाक्य मात्र त्या कोशात वाक्य म्हणून अस्तित्वातच नव्हते. तो सैतानाने केलेला आवाज होता. म्हणजे साक्षीदाराला नकार ऐकू येतो तो त्याच्याच मूल्यांना होकार देणारा असेल तेव्हा. आणि ही मर्यादा एकट्या लांदाची मानता येत नाही. आपण ज्या अन्यायांविषयी हळहळतो त्यांतील माणसे बहुधा आपल्याला मान्य असलेल्या कारणांसाठी मेलेली असतात. मानीमध्ये ज्यांनी गुहांमध्ये मूर्ती लपवल्या होत्या त्यांपैकी काहींवर नरबळीचाही आरोप होता. त्या कबुल्या छळातून आलेल्या असल्यामुळे त्यांचे मोल शंकास्पद आहे. पण समजा, त्यांतील एखादी खरी असेल, तर? मग त्या माणसाचा नकार आपल्याला ऐकू येईल का? अर्पणपत्रिकेत त्याला जागा मिळाली असती का?

तोदोरोववर येथे आणखी एक आक्षेप घ्यायला हवा. स्पॅनिश लोक जिंकले ते चिन्हांच्या व्यवहारात ते सरस होते म्हणून, असे त्याचे मुख्य प्रतिपादन. मोक्तेसुमाचा गोंधळ, अपशकुन, कोर्तेसला परतून आलेला देव समजणे, हा त्याचा पुरावा. हा पुरावा पुष्कळसा बेर्नार्दिनो दे साहागुन याने नाहुआ सहकाऱ्यांच्या साहाय्याने सिद्ध केलेल्या बारा खंडांच्या ज्ञानकोशाच्या शेवटच्या खंडातून येतो, आणि त्या कथा विजयानंतर एका पिढीने, पराभवाला अर्थ देण्यासाठी रचल्या गेल्या असाव्यात, हे कॅमिला टाउनसेंड यांनी २००३ मध्ये दाखवून दिले आहे. पराभूतांनी स्वतःला सांगितलेली गोष्ट तोदोरोवने त्यांच्या मानसरचनेचे वर्णन म्हणून वाचली. चिन्हांविषयी इतका सजग असलेला मीमांसक, चिन्हांच्या बाबतीतच असा फसला. मात्र त्याच पुस्तकातील एक विचार अजून पचलेला नाही : आकलन आणि विध्वंस यांचा परस्परविरोध नसतो, एखाद्याला चांगले समजून घेणे हे त्याला नष्ट करण्याचे साधन होऊ शकते.

साहागुनने तर हे लपवलेच नाही. वैद्याला औषध देण्यापूर्वी रोग ओळखावा लागतो, तसे धर्मोपदेशकाला मूर्तिपूजा ओळखावी लागते, अशी त्याची भूमिका होती. ‘रोग’ ओळखता ओळखता त्याने पाककृतींपासून पक्ष्यांच्या पिसांपर्यंत सगळे नाहुआ भाषेत उतरवून घेतले. १५७६ च्या साथीत त्याच्या भोवतीची माणसे मरत असतानाही काम चालू ठेवले. आणि १५७७ मध्ये राजाज्ञेने त्याचेच लेखन जप्त करण्याचा हुकूम निघाला, कारण इतके तपशिलात जपणे राजसत्तेला धोक्याचे वाटले. वैद्य रोगाच्या प्रेमात पडला आहे, असा संशय राजाला आला असावा.

लांदाच्या बाबतीत हे प्रेम माणसांच्या रूपात होते. सोतुताचा प्रमुख नाची कोकोम, बाप्तिस्म्यानंतरचा दोन हुआन कोकोम, हा त्याचा स्नेही होता. त्याने आपल्या आजोबांचा एक ग्रंथ लांदाला दाखवला. त्यात एका हरणाचे चित्र होते, आणि अशी मोठी हरणे या देशात येतील तेव्हा देवांची पूजा थांबेल असे आजोबांनी सांगितल्याचे त्याने लांदाला सांगितले. गायी आल्या, भाकीत खरे ठरले, असे लांदा लिहितो. परक्या धर्मगुरूला घराण्याचा ग्रंथ उघडून दाखवणे ही लहान गोष्ट नव्हे. मानीच्या घटनेपूर्वीच हा कोकोम वारला होता. चौकशीत त्याच्यावरही मरणोत्तर मूर्तिपूजेचा आरोप आला. इंगा क्लेंडिनेन यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात लांदाच्या त्या उन्हाळ्यातील उग्रतेमागे विश्वासघाताची जखम पाहिली आहे : ज्यांनी मला आपले ग्रंथ दाखवले ते माझ्या पाठीमागे तेच देव पूजत होते. आपण ज्याला ओळखतो असे मानले होते त्याने आपल्याला न विचारता आपले काही तरी राखून ठेवले होते, हे त्याला सोसवले नाही.

आणि ज्याने लिपीचा तक्ता लिहिला असे बहुतेक अभ्यासक मानतात तो गास्पार आन्तोनियो ची हा कोकोमांचा मित्र तर नव्हेच. तो आईकडून शिउ घराण्याचा. १५३६ मध्ये यात्रेला निघालेल्या शिउ प्रमुखांना नाची कोकोमने ओत्स्माल येथे मारवले, त्यांत याचा बाप होता. बापाच्या मारेकऱ्याचा ग्रंथ आणि मुलाची लिपी, दोन्ही एकाच धर्मगुरूच्या वहीत येऊन पडली. ‘माया लोकांचा आवाज’ असे एकवचन वापरताना ही गोष्ट विसरू नये. चीने लांदाची दुभाष्या म्हणून सेवा केली. लांदाला विरोध करणारा बिशप फ्रान्सिस्को दे तोराल १५६२ च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा त्याचीही केली. लांदा स्पेनमध्ये चौकशीतून निर्दोष सुटून १५७३ मध्ये बिशप होऊन परतला तेव्हा पुन्हा त्याचीही केली. त्याला फितूर म्हणावे की टिकून राहिलेला माणूस, हे ठरवण्याची घाई आपल्याला का असते, कळत नाही.

आपण साहित्य शिकवणारी माणसे एका श्रद्धेवर जगतो. दुसऱ्याचे जीवन आतून जाणल्याने माणूस अधिक चांगला होतो, सहानुभूती हे ज्ञानाचे फळ आहे, ही ती श्रद्धा. प्रबंधांच्या प्रस्तावना तिच्यावर लिहिल्या जातात, अभ्यासक्रमांची उद्दिष्टे तिच्यावर बेतली जातात. लांदा हा या श्रद्धेला दिलेला सरळ प्रतिदाखला आहे. त्याला भाषा येत होती. तो पायी हिंडला होता. त्याला लोकांचे सण, नातीगोती, खाणेपिणे ठाऊक होते. त्याला स्नेह होता. त्याने ग्रंथ जाळले तेव्हा लोकांना किती दुःख झाले हेही त्याने पाहिले, आणि आश्चर्याने का होईना, लिहून ठेवले. तो अज्ञानापोटी क्रूर झाला असता तर आपले काम सोपे होते.

१५५० आणि १५५१ मध्ये वाय्यादोलिद येथे झालेल्या वादाचेही हेच आहे. सेपुल्वेदा आणि बार्तोलोमे दे लास कासास यांनी अमेरिकेतील लोकांवर शस्त्राने राज्य करणे न्याय्य आहे काय याचा खल केला. सेपुल्वेदाने ते लोक कधी पाहिले नव्हते, लास कासासने आयुष्य त्यांच्यात काढले होते, आणि येथे ज्ञान न्यायाच्या बाजूने उभे राहिले हे खरे. पण ज्यांच्याविषयी वाद चालला होता त्यांपैकी कोणी त्या वादात पक्षकार नव्हते. आणि याच लास कासासने १५१६ मध्ये, इंडियन लोकांचे हाल थांबावेत म्हणून, गुलाम आणवण्याची सूचना केली होती, ज्याचा त्याला पुढे तीव्र पश्चात्ताप झाला. एका लोकसमूहाविषयीची करुणा दुसऱ्याच्या माथी मारता येते, हे तो स्वतःच्या उदाहरणावरून शिकला.

हा विषय माझ्याकडे आला तो मात्र मेक्सिकोतून नव्हे, वर्गातून. पदवीच्या वर्गात ‘क्रिस्तपुराण’ शिकवताना फादर स्टीफन्सची मराठीची थोरवी गाणारी ती प्रसिद्ध ओवी आली की वर्ग नेहमी खूश होतो. एका वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, ज्यांनी पोथ्यांवर बंदी आणली त्यांच्याच माणसाने भाषेची स्तुती केली, तर तिचा आनंद कसा मानायचा? उत्तर म्हणून मी तेव्हा भाषेच्या सामर्थ्याविषयी काही तरी बोललो. ते उत्तर नव्हते.

स्टीफन्स हा लांदा नव्हे. लांदा १५७९ च्या एप्रिलमध्ये मेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टीफन्स गोव्यात उतरला, हा केवळ योगायोग. तिसवाडीतील देवळे तो येण्याच्या कितीतरी आधी, १५४० च्या सुमारास, पडली होती. इन्क्विझिशन १५६० मध्ये आले होते. पण १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या पुराणाच्या प्रास्ताविकातच ही तक्रार आहे : आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग तशा धर्तीचे काही आम्हाला का देत नाही? काव्य स्वतःच सांगते की आपण एका रिकाम्या केलेल्या जागेवर उभे आहोत. आणि पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात त्या काळी रोमन लिपीत उतरवलेली रामायण-महाभारताची कथानके आजही आहेत. खंडनासाठी, अभ्यासासाठी ज्यांची नक्कल केली गेली ती उरली. त्यांच्या देशी लिपीतील मूळ पोथ्या उरल्या नाहीत. मानीहून हे प्रमाणात वेगळे आहे. पण उरलेल्याचे आणि नष्ट झालेल्याचे नाते एकाच जातीचे आहे.

मराठीत आपल्याकडे येथे उपयोगी पडणारे दोन शब्द आहेत, आणि आपण ते फार सैलपणे एकमेकांऐवजी वापरतो : कृतज्ञता आणि ऋण. कृतज्ञता म्हणजे केलेले जाणणे. ती उपकाराच्या हेतूला उत्तर देते. लांदाने माया लिपी पुढच्या अभ्यासकांसाठी जपली नाही. तिचा मुख्य उपयोग त्याच्या दृष्टीने संपलाच होता. ती त्याने एक कुतूहल म्हणून नोंदवली. हेतू नाही तेथे कृतज्ञतेचा प्रश्न उद्भवत नाही. ऋणाचे तसे नाही. ऋण हेतू पाहत नाही. जन्मतःच आपण काही ऋणे घेऊन येतो असे आपली परंपरा म्हणते, आणि ती ज्यांनी दिली त्यांनी आपल्याला डोळ्यांसमोर ठेवून दिली असे मुळीच नाही. फक्त हे ऋण कोणाचे, हे नीट लिहिले पाहिजे. जो वाचक लांदाचा ग्रंथ उघडतो तो कोकोमच्या आजोबांचा, चीचा, ‘ले’ हा शब्द जसा ऐकला तसा लिहिणाऱ्या हाताचा ऋणको आहे. लांदाचा नाही. सावकाराच्या वहीत नोंद सापडली म्हणून कर्ज सावकाराचेच असते असे नाही.

यावर कोणी म्हणेल, ही सोयीची वाटणी आहे. लांदा नसता तर वहीही नसती. खरे आहे. पण लांदा नसता तर ग्रंथही असते. आज माया लिपीतील विजयपूर्व ग्रंथ जगात चारच शिल्लक आहेत : ड्रेस्डेन, पॅरिस आणि माद्रिद येथील तीन, आणि २०१८ मध्ये मेक्सिकोतील तज्ज्ञांनी अस्सल ठरवलेला चौथा. चार ग्रंथांच्या भाषेत वहीची किंमत करणे म्हणजे घर जाळून टाकल्यावर उरलेल्या खिडकीबद्दल जाळणाऱ्याचे आभार मानणे. मुलीने विचारलेल्या प्रश्नाला मी आज असे उत्तर देईन की ओवीचा आनंद मान, ती मराठी आहे. पण तो आनंद स्टीफन्सच्या पायाशी ठेवू नकोस. ज्यांच्या तोंडून त्याने मराठी ऐकली त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, एवढे त्या ओवीखाली लिहून ठेव.

मानीची गोष्ट १५६२ मध्ये संपत नाही. धर्मगुरूंनी माया मुलांना रोमन अक्षरे शिकवली ती प्रार्थना लिहिण्यासाठी. त्या अक्षरांत माया लोकांनी आपली भाकिते, आपली कालगणना, आपली औषधे आणि आक्रमणाची स्वतःची हकीकत लिहून काढली आणि ती बाडे गावोगावी शतकानुशतके नकलून ठेवली. चिलाम बालाम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या बाडांतील एक मानीचेच आहे. पेतेनच्या अरण्यातील इत्झा राज्य १६९७ पर्यंत स्वतंत्र राहिले. युकातेक माया भाषा आज साडेसात लाखांहून अधिक लोक बोलतात.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ग्वाटेमालात आणि पुढे युकातानात माया भाषकांसाठी लिपीचे वर्ग भरू लागले. लिंडा शील, निकोलाय ग्रूबे यांसारखे अभ्यासक ते घेत. आता माया शिक्षक स्वतः घेतात, आणि काही ठिकाणी जुन्या चिन्हांत नवे शिलालेखही कोरले गेले आहेत. या वर्गांत जो अवयवचिन्हांचा तक्ता शिकवला जातो त्याचा पहिला तुकडा तोच, घाबरलेल्या किंवा कंटाळलेल्या, किंवा कदाचित मनातल्या मनात हसणाऱ्या एका माणसाने धर्मगुरूसमोर लिहिलेला. सुट्या वर्णांपलीकडे जी थोडी चिन्हे लांदाने त्या तक्त्याच्या शेवटी वेगळी नोंदवली आहेत, त्यांत एक ‘मा’ आहे. युकातेकमध्ये ‘मा’ म्हणजे ‘नाही’.